क्रमानें वाढणाऱ्या गतीचें अंतर आणि आकड्यांचीं पानें

(१) जुन्या दप्तरांचा शोध घेतांना ज्या कागदावर कांहीं मजकूर आहे तो कागद आपण जपून ठेवतों, त्याची तारीख लावतों, त्यांतील नांवें ओळखतों. परंतु ज्या पानावर केवळ आकड्यांच्या ओळी किंवा दोनचार रेघांची आकृति आहे, तें पान बहुधा 'फुटकळ हिशेब' ह्या सदराखालीं जातें. अशा पानांत कधीं कधीं एखाद्या शास्त्राचा जन्मवृत्तान्त दडलेला असतो, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं आम्हीं एकच गणित घेतलें आहे. एखाद्या वस्तूची गति सारख्याच प्रमाणांत वाढत किंवा कमी होत असेल, तर ती वस्तु अमुक वेळांत किती अंतर जाईल? हा प्रश्न बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर, आपल्याकडील पाटीगणिताच्या पोथ्यांत, ऑक्सफर्ड व पॅरिस येथील विद्वानांच्या लॅटिन हस्तलिखितांत आणि फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयांतील गॅलिलिओच्या सुट्या पानांवर आढळतो. चारही ठिकाणीं हिशेब मुळांत एकच आहे. पण प्रत्येक ठिकाणीं त्याची पायरी निराळी आहे. ती पायरी ओळखतां आली तरच कोणास कशाचें श्रेय द्यावें हें ठरवितां येतें. आणि ती ओळखण्याचें साधन पुष्कळदां मजकुरांत नसून आकड्यांतच असतें.

(२) प्रथम गणित स्पष्ट करूं. गति कायम असेल तर कांहींच अडचण नाहीं. दर प्रहरास ३ कोस चालणारा जासूद ४ प्रहरांत १२ कोस जातो. पण गति वाढती असेल तर गुणाकारासाठीं कोणती गति घ्यावयाची? किल्ल्याच्या तटावरून एक दगड न फेकतां नुसता सोडून दिला अशी कल्पना करा. आरंभीं त्याची गति शून्य असते. हवेचा विरोध जमेस न धरल्यास त्याच्या गतींत दर सेकंदास सुमारें ३२ फुटांची भर पडत जाते. म्हणजे ३ सेकंदांच्या अखेरीस ती सेकंदास ९६ फूट होते. आतां ९६ ला ३ नीं गुणून २८८ फूट अंतर सांगणें चूक होईल, कारण ९६ ही गति केवळ शेवटच्या क्षणाची आहे. वाढ एकसारखी असल्यामुळें मधल्या क्षणाच्या अलीकडे जितकी तूट असते, तितकीच पलीकडे भर असते, आणि दोहोंची वजावाट होते. म्हणून मधल्या क्षणाची ४८ ही गति घेऊन तिला ३ नीं गुणावें. १४४ फूट हें खरें अंतर. थोडक्यांत नियम असा कीं, आरंभींची व अखेरची गति ह्यांच्या बेरजेची निमपट करावी आणि तिला वेळानें गुणावें.

हाच नियम आकृतीनें पाहतां येतो. एक आडवी रेघ काढून तिच्यावर काल मोजावा, आणि प्रत्येक क्षणाच्या गतीइतकी उभी रेघ त्या त्या जागीं काढावी. गति शून्यापासून वाढत असेल तर त्रिकोण होतो. आरंभींच कांहीं गति असेल तर समलंब चौकोन होतो, त्याच्या दोन समांतर बाजू म्हणजे आरंभींची व अखेरची गति. ह्या क्षेत्राचें जें क्षेत्रफळ तेंच चाललेलें अंतर. समांतर बाजूंच्या बेरजेच्या निमपटीस लंबानें गुणिलें असतां समलंब चौकोनाचें क्षेत्रफळ येतें, हें सर्वांस ठाऊकच आहे. तेव्हां वरील नियम व हें क्षेत्रगणित एकच होय.

ह्यांतून संग्राहकांस उपयोगी पडेल अशी एक कसोटी निघते. वरील दगड १, २, ३ व ४ सेकंदांत अनुक्रमें १६, ६४, १४४ व २५६ फूट जातो. हे आकडे १६ ला १, ४, ९, १६ ह्या वर्गांनीं गुणून झालेले आहेत. प्रत्येक सेकंदांतील वेगळें अंतर काढलें तर १६, ४८, ८०, ११२ असें येतें. म्हणजे १, ३, ५, ७ ह्या विषम संख्यांचें प्रमाण. आणि ह्या फरकांचेही फरक घेतले तर प्रत्येक वेळीं ३२ च येतात. एखाद्या निनांवी पानावर चढत्या किंवा उतरत्या आकड्यांची ओळ दिसली तर तिचे फरक काढावे व मग त्या फरकांचे फरक काढावे. पहिलेच फरक सारखे असतील तर गति कायम आहे. फरकांचे फरक सारखे असतील तर ती एकसारखी वाढणारी किंवा घटणारी आहे. ही कसोटी लावण्यास बेरीज-वजाबाकीपलीकडे कांहीं लागत नाहीं.

(३) ह्या गणिताचा सर्वांत प्राचीन ज्ञात लेख कागदावर किंवा भूर्जपत्रावर नसून मातीवर आहे. बाबिलोनच्या ज्योतिषांनीं कीलाकृति लिपींत लिहिलेल्या अनेक पाट्या लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. त्यांतील कित्येक तुकडेच आहेत. गुरु ग्रह पूर्वेस प्रथम दिसूं लागल्यापासून त्याची दैनंदिन गति कशी मंदावत जाते ह्याचा हिशेब ह्यांतील कांहीं पाट्यांवर आहे. पहिल्या दिवशीं ती १२ कला धरली आहे. ६० दिवसांनीं ती ९ कला ३० विकला होते, आणि त्यापुढील ६० दिवसांनीं १ कला ३० विकला. पहिल्या साठ दिवसांच्या दोन टोकांच्या गतींची निमपट १० कला ४५ विकला. तिला ६० नीं गुणिलें म्हणजे १० अंश ४५ कला अंतर झालें. दुसऱ्या साठ दिवसांचें अंतर ह्याच रीतीनें ५ अंश ३० कला. एकूण १६ अंश १५ कला. गति येथें वाढत नसून घटत आहे, एवढाच फरक.

ह्या पाट्यांचा अर्थ लागण्याची हकीकत संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. चार पाट्यांवर गुरूच्या संबंधांत समलंब चौकोनाची मोठी बाजू व लहान बाजू असे शब्द होते. पण आकाशांतील ग्रहाच्या हिशेबांत चौकोनाचें काय प्रयोजन, हें नीट उलगडत नव्हतें. २०१४ सालीं व्हिएन्ना येथील हेर्मान हुंगर ह्यांनीं पूर्वीं घेतलेलीं एका दुर्लक्षित पाटीचीं छायाचित्रें बर्लिन येथील मात्यू ओसेन्द्रायव्हर ह्यांस दाखविलीं. त्या पाटीवर चौकोनाचें नांवही नव्हतें. तोच हिशेब केवळ आकड्यांच्या भाषेंत मांडलेला होता. ते आकडे जुळले, तेव्हां चौकोनाच्या बाजू म्हणजे गति, लंब म्हणजे काल व क्षेत्रफळ म्हणजे अंतर हें स्पष्ट झालें, आणि २०१६ सालीं ओसेन्द्रायव्हर ह्यांनीं तें प्रसिद्ध केलें. ह्या पाट्या इसवी सनापूर्वीं ३५० ते ५० ह्या काळांतल्या आहेत. त्यापूर्वीं अंतर हें काल व गति ह्यांचें क्षेत्रफळ आहे ही कल्पना चौदाव्या शतकांतील युरोपची समजली जात होती. ती समजूत एका दुर्लक्षित तुकड्यानें बदलली.

बाबिलोनी ज्योतिषी निव्वळ बेरीज-गुणाकारावर थांबले नव्हते. १० अंश ४५ कला ह्या अंतराचें निम्में अंतर गुरु किती दिवसांत चालतो, हेंही त्यांनीं विचारलें आहे. उत्तर ३० दिवस नव्हे, कारण आरंभींची गति अधिक आहे. चौकोनाचे सारख्या क्षेत्रफळाचे दोन भाग करून त्यांनीं तें सुमारें २८ दिवस काढलें आहे. मात्र गति एकसारखी घटते हें त्यांनीं हिशेबाच्या सोयीसाठीं धरलेलें आहे. गति कां घटते हा प्रश्न ह्या पाट्यांवर नाहीं. ही पहिली पायरी.

(४) आपल्याकडे हें गणित श्रेढीव्यवहारांत येतें. भास्कराचार्यांच्या लीलावतींत एक उदाहरण आहे. शत्रूचे हत्ती हरण करण्यास निघालेला एक राजा पहिल्या दिवशीं २ योजनें चालतो व पुढें रोज सारख्या प्रमाणांत चाल वाढवीत ७ दिवसांत ८० योजनें जाऊन शत्रूचें नगर गांठतो. तर रोजची वाढ किती? श्रेढीच्या परिभाषेंत २ हा आदि, ७ हा गच्छ, ८० हें सर्वधन आणि विचारलेली वाढ हा चय. उत्तर २२/७ योजनें, म्हणजे ३ पूर्णांक १/७. भास्कराचार्यांची रीत अशी कीं, आदि व अन्त्यधन मिळवून निमपट केली कीं मध्यधन येतें, आणि मध्यधनास गच्छानें गुणिलें म्हणजे सर्वधन. पहिल्या दिवसाची चाल २ व सातव्या दिवसाची १४६/७, मध्यधन ८०/७, त्यास ७ नीं गुणून ८०. आपण दुसऱ्या कलमांत जिला मधल्या क्षणाची गति म्हटलें तिचेंच हें मध्यधन जवळचें भावंड होय.

येथें एक इशारा देऊन ठेवितों. ज्या सुट्या पानावर २२/७ हा अपूर्णांक दिसेल तें पान परिधि व व्यास ह्यांच्या गणिताचें असेल असें समजण्याकडे मन धांवतें, कारण लीलावतींतच तोही उपयोग आहे. पण तें पान ह्या राजाच्या मोहिमेचेंही असूं शकेल. शेजारीं ७ व ८० हे आकडे आहेत कीं काय, हें पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

आतां भेद पाहूं. लीलावतींतील राजाची चाल दिवसागणिक पायरीपायरीनें वाढते. एका दिवसाच्या आंत ती कशी वाढते ह्याचा विचार तेथें नाहीं. तो विचार भास्कराचार्यांच्या पूर्वींचे श्रीधराचार्य ह्यांच्या पाटीगणितांत आकृतीच्या रूपानें सांपडतो. श्रेढीचें क्षेत्र कसें काढावें हें ते सांगतात, आणि त्यास तळाशीं अरुंद व वर रुंद अशा मातीच्या पेल्याची उपमा देतात. रीत अशी कीं, आदींतून चयाचें अर्ध वजा करावें. ती अरुंद बाजू. तींत चय व गच्छ ह्यांचा गुणाकार मिळवावा. ती रुंद बाजू. गच्छ हा लंब. वरील राजास हें लावून पाहूं. २ मधून ११/७ वजा जातां ३/७ ही अरुंद बाजू. तींत २२ मिळवितां १५७/७ ही रुंद बाजू. दोहोंची बेरीज १६०/७, निमपट ८०/७, आणि ७ नीं गुणून ८०. उत्तर तेंच; पण आतां पायऱ्या जाऊन उतरती सरळ बाजू आली. ह्यामुळें अपूर्णांक गच्छाचेंही गणित होऊं लागतें. राजा पहिल्या अर्ध्या दिवसांत किती चालला? अर्ध्या दिवसाशीं रुंदी ३/७ मध्यें ११/७ मिळवून १४/७ होते; ३/७ व १४/७ ह्यांची निमपट १७/१४, आणि तिला अर्ध्यानें गुणून १७/२८ योजन. उरलेल्या अर्ध्या दिवसांत ३९/२८. दोन्ही मिळून ५६/२८, म्हणजे बरोबर २ योजनें. एकसारख्या वाढणाऱ्या गतीचा हिशेब ह्याहून निराळा नसतो.

ह्या ग्रंथाची स्थिति पाहिली म्हणजे मनास धाक वाटतो. कृपाशंकर शुक्ल ह्यांनीं १९५९ सालीं लखनौहून पाटीगणित छापिलें, तें एकाच अपूर्ण पोथीच्या आधारें. ती पोथी वाळवीनें खाल्ली असती तर आपल्या गणितांतील ह्या क्षेत्राचा एक महत्त्वाचा प्राचीन साक्षीदार गेला असता. १३५६ सालच्या नारायण पंडितांच्या गणितकौमुदींत श्रेढीक्षेत्र आहे खरें. परंतु ती कल्पना किती जुनी हें कळण्यास श्रीधराचार्यांचा ग्रंथ हातीं असणें अवश्य होतें. उलट लीलावतीच्या पोथ्यांस तोटा नाहीं. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथील, डॉ. भाऊ दाजी ह्यांनीं प्रसिद्धीस आणिलेल्या, शके ११२८ च्या शिलालेखांत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. अशी ज्या ग्रंथांची पाठशाळा झाली ते टिकले ह्यांत नवल नाहीं.

तथापि अभिमानाच्या भरांत एक गोष्ट विसरूं नये. श्रेढीक्षेत्राच्या ह्या विवेचनांत पडणाऱ्या दगडाचा विषय नाहीं. श्रेढीचें क्षेत्र हें संख्यांचें क्षेत्र आहे. तें चालणाऱ्या राजास लागतें तसें वाढत्या दानधर्मासही लागतें. हिशेब पूर्ण आहे व आकृतिही आहे, पण निसर्गांतील गतीचा नियम म्हणून तो सांगितलेला नाहीं. ही दुसरी पायरी, आणि ती लहान नव्हे.

(५) तिसरी पायरी चौदाव्या शतकांतील युरोपांत दिसते. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजांतील विल्यम हेट्सबरी ह्यानें १३३५ सालच्या आपल्या ग्रंथांत नियम सामान्य स्वरूपांत सांगितला. एकसारख्या वाढणाऱ्या गतीनें जाणारी वस्तु ठराविक वेळांत जितकें अंतर जाते, तितकेंच अंतर त्या वेळाच्या मधल्या क्षणाच्या कायम गतीनें जाणारी वस्तु जाते. शून्यापासून निघालेली वस्तु दुसऱ्या अर्ध्या वेळांत पहिल्या अर्ध्याच्या तिप्पट अंतर जाते, हेंही त्यास ठाऊक होतें. त्याचे समकालीन स्वाइन्सहेड व डम्बल्टन ह्यांनींही ह्या नियमाचा खल केला. त्याच शतकाच्या मध्यास पॅरिस येथें निकोल ओरेम ह्यानें काल आडवा व गति उभी अशी आकृति काढून, त्रिकोणाचें क्षेत्रफळ हें मध्यम उंचीच्या आयताइतकें असतें ह्यावरून तोच नियम डोळ्यांस दिसेल असा सिद्ध केला.

ह्या मंडळींचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांनीं अमुक ग्रह किंवा अमुक प्रवासी असें न म्हणतां गति ह्या पदार्थाचाच विचार केला. पण तो विचार कल्पनेंतला होता. वाढणारी उष्णता व वाढणारा पांढरेपणा ह्यांसही ते हीच आकृति लावीत. कोणी कांहीं मोजून पाहिलें नाहीं. पडणारी वस्तु ह्याच प्रकारच्या गतीनें पडते, असें विधान सोळाव्या शतकाच्या मध्यास स्पेनमधील डोमिंगो दे सोतो ह्यानें केलें, तेंही मोजमापावांचून. हा सर्व भाग पुढें इतका विस्मृत झाला कीं, विसाव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समधील पिएर द्यूएम ह्यांनीं पॅरिसच्या ग्रंथालयांतील जुन्या बाडांतून तो उकरून काढीपर्यंत विद्वानांसही त्याची दाद नव्हती.

(६) चौथी पायरी गॅलिलिओची. त्याचा शेवटचा मोठा ग्रंथ १६३८ सालीं लायडन येथें छापला गेला. त्यांत तो प्रथम मध्यम गतीचा सिद्धान्त मांडतो, मग अंतर वेळाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें हें सिद्ध करितो, आणि नंतर प्रयोग सांगतो. तिकडील सुमारें १२ हात लांबीच्या लांकडी तुळईंत एक बोटाहून किंचित् रुंद खांचणी कोरली, ती नितळ राहावी म्हणून तींत गुळगुळीत चर्मपत्र चिकटविलें, तुळई एका टोकाकडून उचलून तिजवरून पितळी जातीच्या धातूचा वाटोळा गोळा सोडला, आणि बारीक नळींतून पडलेल्या पाण्याच्या वजनानें वेळ मोजला. ज्या चर्मपत्रावर मर्टनचे सिद्धान्त लिहिले गेले होते, तसलेंच चर्मपत्र आतां गोळ्याच्या वाटेवर पसरलें गेलें.

हा प्रयोग खरोखर केला कीं नुसता लिहिला, असा वाद विसाव्या शतकांत उठला. आलेक्झांद्र कोयरे ह्यांनीं १९३९ सालच्या आपल्या ग्रंथांत गॅलिलिओ हा मुख्यतः विचारानें सिद्धान्ताप्रत पोंचला असें प्रतिपादिलें, आणि त्याच्या प्रयोगांविषयीं पुष्कळ अविश्वास पसरला. १९६१ सालीं थॉमस सेटल ह्यांनीं तशाच साध्या साधनांनीं प्रयोग करून तो चांगला साधतो हें दाखविलें. पण गॅलिलिओनें स्वतः तो केला ह्याचा कागदी पुरावा तेवढ्यानें मिळत नव्हता.

तो पुरावा फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत, गॅलिलिओ-संग्रहाच्या ७२ व्या बाडांत पडून होता. आंतोनिओ फावारो ह्यांनीं १८९० ते १९०९ ह्या काळांत गॅलिलिओचें समग्र वाङ्मय २० खंडांत संपादिलें. असा साक्षेपी संपादक विरळा. परंतु ज्या पानांवर मजकूर नसून केवळ आकडे व आकृति होत्या, त्यांपैकीं पुष्कळ पानें त्यांनीं वगळलीं. छापील ग्रंथावर भिस्त ठेवणाऱ्यांस तीं पानें असून नसल्यासारखीं झालीं. कॅनडांतील स्टिलमन ड्रेक ह्यांनीं मूळ बाड पुन्हां चाळलें, आणि १९७३ व १९७५ सालीं त्यांतील दोन पानांकडे विद्वानांचें लक्ष वेधलें.

पहिलें पान ११६ व्याची मागील बाजू. ठराविक उंचीवरून उतरणीनें आलेला गोळा मेजाच्या कडेवरून आडवा सुटून जमिनीवर किती दूर पडला, ह्याचे आकडे त्यावर आहेत. उतरणीची उंची ३०० असतां अंतर ८००. मध्यम गतीच्या नियमानें सुटतांनाची गति उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत असावयास हवी. त्यावरून ६०० उंचीस ११३१, ८०० उंचीस १३०६ व १००० उंचीस १४६० असे अपेक्षित आकडे गॅलिलिओनें काढले आहेत. आणि त्यांच्या जोडीस प्रत्यक्ष आकडे आहेत ते ११७२, १३२८ व १५००. अपेक्षित व प्रत्यक्ष ह्यांचे ४१, २२ व ४० हे फरकही त्यानें मांडले आहेत. जो प्रयोग मनांतल्या मनांत होतो त्यांत असा फरक पडत नसतो.

दुसरें पान १०७ व्याची मागील बाजू. त्यावर आठ आकडे एकाखालीं एक आहेत: ३३, १३०, २९८, ५२६, ८२४, ११९२, १६२०, २१०४. आणि त्यांच्या कडेला १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४. हे वर्ग मागाहून घातलेले दिसतात, असें ड्रेक ह्यांचें निरीक्षण आहे. ३३ ला ह्या वर्गांनीं गुणिलें तर ३३, १३२, २९७, ५२८, ८२५, ११८८, १६१७, २११२ येतात. पानावरचे आकडे ह्यांच्या अगदीं जवळ आहेत, पण पहिल्या ओळीखेरीज एकही नेमका तोच नाहीं; आणि चूक कधीं खालीं, कधीं वर. आमची कसोटी लावून पाहा. लागोपाठचे फरक ९७, १६८, २२८, २९८, ३६८, ४२८, ४८४ असे येतात. त्यांचे फरक ७१, ६०, ७०, ७०, ६०, ५६. म्हणजे ६६ च्या आसपास, पण हाताच्या थरथरीसह. कोणी नियम आधीं धरून हिशेबानें हे आकडे बनविले असते तर ते तंतोतंत जुळले असते. ते जुळत नाहींत, तरी फार चुकतही नाहींत. हीच मोजणाऱ्या हाताची सही होय. ह्या पानांच्या बारकाव्यांविषयीं पुढें विद्वानांत मतभेद झाले. पण गॅलिलिओ मोजीत होता, ह्याविषयीं पूर्वींसारखें बोलणें त्यानंतर शक्य राहिलें नाहीं.

ह्या पानांचें महत्त्व आणखीही एका कागदावरून पटतें. १६ ऑक्टोबर १६०४ रोजीं गॅलिलिओनें पाओलो सार्पी ह्यास लिहिलेल्या पत्रांत वेळाच्या वर्गाचें प्रमाण बरोबर दिलें आहे. पण त्याचें कारण मात्र चुकीचें, म्हणजे गति ही पडलेल्या अंतराच्या प्रमाणांत वाढते, असें दिलें आहे. १६३८ च्या ग्रंथांत ती चूक नाहीं. तेथें गति वेळाच्या प्रमाणांत वाढते. छापील ग्रंथ वाचणाऱ्यास सिद्धान्त आधीं व प्रयोग मागून असा क्रम दिसतो. पत्र व पानें एकत्र वाचणाऱ्यास असें दिसतें कीं, प्रमाण हातीं लागल्यावरही त्याचें खरें कारण कांहीं काळ सांपडलें नव्हतें.

(७) येणेंप्रमाणें चार पायऱ्या झाल्या. बाबिलोनांत ग्रहाच्या चालीचा हिशेब, भारतांत श्रेढीचें क्षेत्र, मर्टन व पॅरिस येथें गतीचा सामान्य सिद्धान्त, आणि इटलींत मोजून पाहिलेला निसर्गनियम. ह्यांपैकीं एकानें दुसऱ्यापासून उसनें घेतलें असें वरील कागदांवरून सिद्ध होत नाहीं. तेव्हां केवळ आकृति सारखी म्हणून संबंध जोडणें, किंवा आपल्या पोथींत समलंब चौकोन आहे म्हणून गॅलिलिओचा नियम आपलाच म्हणणें, हीं दोन्ही अनुमानें टाळावीं. उलट श्रीधराचार्यांच्या क्षेत्रास केवळ बेरजेची युक्ति म्हणून हिणवणेंही तितकेंच अन्यायाचें आहे. ज्याची जी पायरी ती त्यास द्यावी.

आतां संग्राहकांस आमची विनंति. आकड्यांचें पान बाडांतून वेगळें काढूं नये. त्याच्या मागचें व पुढचें पान हाच पुष्कळदां त्याचा एकमेव पत्ता असतो. नक्कल करतांना आकडे जसे असतील तसे उतरावे. १०७ व्या पानावरील १३० हा हस्तदोष समजून कोणी भल्या नकलकारानें त्याचे १३२ केले असते, तर गणित शुद्ध झालें असतें आणि इतिहास नष्ट झाला असता. आकृति 'शोभेची' म्हणून गाळूं नये; तिच्या बाजूंवर कोणते आकडे कोठें आहेत हें दाखवून ती उतरावी. शाई किंवा हात बदललेला दिसल्यास तसें नोंदवावें. आणि यादी करितांना 'फुटकळ हिशेब' एवढेंच न लिहितां पहिले चारपांच आकडे तरी लिहून ठेवावे. कारण बर्लिनमधील एका अभ्यासकास जें कोडें सुटलें, तें दुसऱ्याच पाटीवरचे तेच आकडे डोळ्यांपुढें आले म्हणून.

पाटीगणिताच्या पोथ्यांच्या पुठ्ठ्यांत, ज्योतिषांच्या टिपणांत व पंतोजींच्या धुळाक्षरांच्या बाडांत अशीं पानें आपल्याकडे निघण्याचा पुष्कळ संभव आहे. ज्यांच्या संग्रहीं तीं असतील त्यांनीं फरकांची कसोटी लावून पाहावी, आणि श्रेढीक्षेत्राची आकृति कोणत्याही टीकेंत किंवा सुट्या पानावर आढळल्यास तिची यथामूल नक्कल प्रसिद्ध करावी.